तंबोरा पाठवताना

भोपळा फुटला की पहिला फोन मला येतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून बाहेरगावी जाणाऱ्या सतारी-तंबोऱ्यांचं पॅकिंग, बुकिंग आणि विमा हे माझं काम. कारागीर वाद्य घडवतो, गवई ते छेडतो. या दोघांमधला प्रवास माझ्याकडे. वाद्य सुखरूप पोचलं तर माझी कुणाला आठवण होत नाही, आणि तसंच असावं. पण कधी ना कधी एखादं खोकं दबतं, भोपळ्याला तडा जातो, आणि मग कागदपत्रांचं काम सुरू होतं. हे काम इतकी वर्षं करताना एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा खोक्याला झाकण लागण्याआधीच ठरलेलं असतं.

मिरजेतला हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. हत्यारं घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी १८५०च्या सुमारास तंतुवाद्यं करायला घेतली आणि पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले, गवयांचा राबता वाढला आणि मिरजेचा तंबोरा मैफलींतून देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी गवई स्वतः यायचे, आठ-आठ दिवस मुक्काम करायचे, जवारी, म्हणजे तारेला गुंजता आवाज देणारी घोडीवरची घासणी, मनासारखी लागली की वाद्य गवसणीत घालून रेल्वेच्या डब्यात स्वतःजवळ ठेवून न्यायचे. आता फोनवर ऑर्डर येते, आवाजाचा नमुना मोबाइलवर ऐकवला जातो आणि तंबोरा एकटाच प्रवासाला निघतो.

हा एकटा प्रवास त्याला कठीण का जातो, ते त्याच्या अंगात आहे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा. शेतात पिकलेला, वाळवलेला, मग भिजवून, कापून, तोंड रुंदावून पुन्हा सुकवलेला. तो सुताराने रंधा मारून एकसारखा केलेला नसतो. त्याची भिंत जागोजागी वेगळ्या जाडीची असते, आणि कुठे पातळ आहे हे रंगरोगण झाल्यावर बाहेरून दिसत नाही. वर तबली बसते, मागे गळ्याला दांडी जोडलेली असते. चारच तारा, पण त्यांचा ताण सतत दांडीला पुढे ओढत असतो. म्हणजे बाहेरून कुणी हात लावला नाही तरी वाद्य आतून तणावात असतं. अशा वेळी हमालाच्या खांद्यावरून खोकं एका कोपऱ्यावर उतरलं की सगळा झटका दोनच ठिकाणी जातो, भोपळ्याच्या पोटात नाहीतर गळ्याच्या सांध्यात. माझ्याकडे आलेले बहुतेक दावे या दोन जागांचेच आहेत.

गल्लीतल्या एका चाचांच्या हाताखाली मी पॅकिंग शिकले. ते तंबोरा खोक्यात ठेवण्याआधी त्याच्याकडे थोडा वेळ नुसते बघतात. मग तारांचा ताण उतरवतात, पण तारा पूर्ण ढिल्या सोडत नाहीत. तारा सुटल्या की घोडी जागची सरकते आणि जवारीची मेहनत वाया जाते. घोडीखाली मऊ कापडाची घडी सरकवायची. मणी तबलीवर आपटून खुणा पडतात, म्हणून ते कापडात गुंडाळून जागच्या जागी बांधायचे. जवारीचे दोरे काढून लहान पाकिटात घालायचे आणि पाकीट गवसणीच्या खिशात ठेवायचं. खुंट्यांच्या टोकांना खोक्याची भिंत लागता कामा नये, कारण खुंटीवर बसलेला दणका थेट दांडीत उतरतो. भोपळा फोमच्या जाड कड्यात बसवायचा, मात्र त्याचा तळ खालच्या फळीला टेकू द्यायचा नाही. दांडीला दोन ठिकाणी आधार द्यायचा. हे झालं आतलं खोकं. त्याच्याभोवती चार बोटं जागा सोडून बाहेरचं प्लायवूडचं खोकं येतं आणि मधली जागा फोमने भरली जाते. शेवटी चाचा खोकं दोन्ही हातांनी हलवतात आणि कान लावतात. आत काही हललं तर झाकण पुन्हा उघडायचं.

परदेशी जाणाऱ्या खोक्याला आणखी एक नियम आहे. अखंड लाकडाचं खोकं असेल तर लाकडाच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सिअसवर निदान ३० मिनिटं राहील अशी उष्णता द्यावी लागते आणि तसा शिक्का खोक्यावर लागतो. लाकडातली कीड देशोदेशी पसरू नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्लायवूडला तो लागू होत नाही, म्हणून आम्ही प्लायवूडच वापरतो.

या सगळ्या टप्प्यांचे मी फोटो काढते. तारा उतरवल्यावर, कड्यात भोपळा बसवल्यावर, आतलं खोकं बंद करण्याआधी, बाहेरचं बंद केल्यावर. सुरुवातीला गल्लीत काहीजणांना हे चोचले वाटायचे. ‘ओ ताई, लग्नाचा अल्बम करताय का?’ असं विचारायचे. पण विम्याच्या कागदावरचं एक कलम त्यांना वाचून दाखवलं आणि पुढे कुणी हसलं नाही. मालाचं पॅकिंग अपुरं किंवा अयोग्य असेल तर त्यामुळे झालेलं नुकसान विम्यात येत नाही, असं ते कलम सांगतं. सगळे धोके धरणाऱ्या पॉलिसीतही ते असतं. दावा नाकारायचा झाला तर पहिलं बोट याच कलमावर ठेवलं जातं. झाकण लागल्यावर आत कसं बांधलं होतं ते सांगायला साक्षीदार एकच, तो फोटो.

आता वाहतूकदाराच्या जबाबदारीबद्दल. गिऱ्हाइकांचा समज असतो की ट्रान्सपोर्टवाल्याने माल फोडला तर तो भरून देईल. कायदा इतका सोपा नाही. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७चा कायदा आहे, तो २०११ साली लागू झाला. माल देताना जास्तीची किंमत जाहीर करून त्यासाठीचा वाढीव दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती राहते. तीस हजारांचा तंबोरा आठशे रुपये भाड्याने पाठवला तर जास्तीत जास्त आठ हजार. रेल्वेच्या पार्सलचं गणित त्याहून कठीण. किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क भरलं नसेल तर १९९०च्या नियमांप्रमाणे भरपाईची मर्यादा किलोला ५० रुपये. तंबोरा तर मुळात हलका. भोपळा पोकळ आहे म्हणून तो गातो, आणि पोकळ आहे म्हणूनच वजनाच्या हिशेबात त्याची किंमत काही उरत नाही. विमानाने परदेशी गेलेल्या मालालाही वजनाचाच हिशेब लागतो. माँट्रियल करारातली मर्यादा २०२४च्या डिसेंबरअखेर वाढून किलोला २६ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. रुपयांत ही रक्कम किलोला तीन हजारांच्या आसपास जाते.

ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर ‘एफओव्ही’ नावाची एक लहानशी रक्कम लावलेली असते. मालाच्या किमतीवर आकारलेलं ते वाहतूकदाराचं शुल्क असतं. अनेक लोक ती रक्कम बघून विमा उतरला असं समजतात आणि निर्धास्त होतात. विमा म्हणजे विमा कंपनीचा वेगळा कागद, त्यावर आपलं नाव, मालाचं वर्णन, कुठून कुठे आणि किती रकमेचा, हे सगळं लिहिलेलं. तो हातात नसेल तर विमा नाही. हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगते, कंटाळा न करता सांगते.

विमा घेतानाही कोणता घेतो ते बघावं लागतं. देशांतर्गत प्रवासासाठी रेल्वे-रस्ता वाहतुकीची तीन प्रकारची कलमं आहेत, ए, बी आणि सी. सी-मध्ये आग आणि वीज एवढंच. बी-मध्ये त्यांच्या जोडीला पूल कोसळणं, गाडीची टक्कर, गाडी उलटणं, रूळ सोडणं असे अपघात येतात. हप्ता कमी म्हणून लोक बी घेतात. पण तंबोरा फुटतो तो गोदामात खोकं उतरवताना, एकावर एक रचताना, हातगाडीवरून घसरताना. यातलं काहीच बी-मध्ये बसत नाही. नाजूक वस्तूला सगळे धोके धरणारा ए-च हवा. रक्कम ठरवताना बिलाची किंमत, भाडं आणि वर दहा टक्के धरायची पद्धत आहे. दुरुस्तीसाठी वाद्य परत आणायचं तर खर्च होतो, तो या वाढीव रकमेत थोडा तरी सामावतो. वारंवार पाठवणाऱ्याने दर वेळी वेगळी पॉलिसी काढण्यापेक्षा वर्षाची ओपन पॉलिसी घ्यावी आणि प्रत्येक खेपेची नोंद माल निघण्याआधी कळवावी.

इंदूरला पाठवलेल्या एका मर्दानी तंबोऱ्याची हकीकत सांगते. तिथल्या एका गानशिक्षिकेने तो मागवला होता. पाठवण्याआधी फोनवर मी त्यांना एक वाक्य लिहून घ्यायला सांगितलं होतं, सगळ्यांनाच सांगते: ‘खोकं दबलेलं आहे, आतील माल तपासून घ्यायचा आहे.’ खोक्यावर काहीही खूण दिसली तर सही करताना पावतीवर हा शेरा मारायचा. नुसती सही म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची कबुली. डिलिव्हरीवाला घाईत असतो, ‘बाई, सही करा, पुढे जायचंय’ म्हणतो. बाईंनी त्याला थांबवलं. खोक्याचा खालचा एक कोपरा आत गेला होता. त्यांनी शेरा लिहिला, त्या पावतीचा फोटो काढला आणि खोकं उघडताना शेजारच्या मुलाकडून सगळं चित्रित करून घेतलं. तबली शाबूत होती, दांडी शाबूत होती. भोपळ्याच्या एका बाजूला, पोटाखाली, बोटभर लांबीची चीर होती.

मी त्यांना सांगितलं की खोकं, फोम, दोऱ्या, काहीही टाकू नका. आणि तार लावून बघू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस दिली. ही नोटीस बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. रस्ते वाहतुकीच्या कायद्यात ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, रेल्वेकडे दावा करायचा तर माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत, आणि परदेशी विमानाने गेलेल्या मालाच्या नुकसानीची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत. विमा कंपनी आपल्याला भरपाई दिल्यावर आपल्या जागी उभी राहून वाहतूकदाराकडून वसुली करू शकते. आपण नोटीसच दिली नाही तर तिचा तो हक्क बुडतो, आणि त्याचं कारण दाखवून आपली भरपाई अडू शकते.

नुकसान तपासायला विमा कंपनीने नेमलेले सर्व्हेअर इंदूरचेच होते. आयुष्यभर यंत्रं, कापडाच्या गाठी आणि तेलाचे डबे तपासलेला माणूस. तंबोरा पहिल्यांदाच समोर आला होता. त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं आणि मला बरं वाटलं, कारण न कळणाऱ्या वस्तूबद्दल ठाम बोलणारा सर्व्हेअर फार त्रासाचा असतो. व्हिडिओ कॉल लावला. आधी त्यांनी खोक्याचा दबलेला कोपरा दाखवला, मग त्याच बाजूच्या फोमवरची खूण, मग चीर. तिन्ही एका रेषेत होती. मार बाहेरून आला होता, फोमने तो बराच घेतला होता आणि उरलेला भोपळ्यापर्यंत पोचला होता. माझे पॅकिंगचे फोटो त्यांच्याकडे होतेच. ते एकेक करून मोठे करून त्यांनी समोरच्या खोक्याशी ताडून पाहिले.

मग त्यांनी विचारलं, चीर दिसते एवढीच आहे की आत पुढे गेली आहे? माझ्या शेजारी चाचा बसले होते. ते म्हणाले, ‘साहेब, चिरेपासून जरा लांब, भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. हळू. फोन जवळ धरा.’ साहेबांनी टिचकी मारली. भरीव, गोल आवाज आला. ‘आता चिरेकडे सरकत या.’ ते सरकत गेले. एका ठिकाणी आवाज बसला आणि त्यात बारीकशी चरचर आली. दिसणाऱ्या चिरेच्या टोकापासून ती जागा चांगली वीतभर अलीकडे होती. ‘तिथपर्यंत गेलीय,’ चाचा म्हणाले. ‘रंगाखाली आहे म्हणून दिसत नाही.’ साहेबांनी तिथे खडूने खूण केली, फोटो घेतला आणि टिचकी मारत त्यांनी सगळा भोपळा स्वतः तपासला. अहवालात त्यांनी दोन्ही लांब्या लिहिल्या, दिसणारी आणि ऐकू येणारी.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक चाचांनी दिलं. आतून कापडाची पट्टी आणि सरस लावून चीर सांधणं, बाहेरून रंग आणि पॉलिश, पुन्हा जवारी. त्यांनी एक रुपया वाढवला नाही. गल्लीतल्या एकाने सुचवलं होतं की नवा भोपळाच लागेल असं लिहून टाका, विमा कंपनी कुठे बघायला येते. चाचा म्हणाले, ‘सांधता येणारा भोपळा फेकायचा म्हणजे पंढरपूरच्या शेतकऱ्याची मेहनत फेकायची.’ त्यांच्या नकारामागे कारागिराचा विचार होता, आणि माझ्या कामातही तोच उपयोगी पडतो. फुगवलेला दावा एकदा पकडला गेला की पुढच्या प्रत्येक खऱ्या दाव्याकडे संशयाने पाहिलं जातं, आणि ते नुकसान सगळ्या गल्लीचं असतं. या दाव्यात दुरुस्तीचा खर्च आणि जाण्या-येण्याचं भाडं मंजूर झालं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. सांधलेला भोपळा पूर्वीसारखाच बोलेल का? चाचांच्या हातून सांधलेले तंबोरे उत्तम बोलतात, हे मी स्वतः ऐकलं आहे. पण आवाज थोडा बदलला तर त्याची भरपाई मागायची कशी? विमा खर्च मोजतो. आवाजातला फरक मोजायला त्याच्याकडे माप नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. म्हणूनच फुटल्यानंतरच्या भरपाईपेक्षा न फुटण्यासाठी दिलेला वेळ मला जास्त मोलाचा वाटतो.

जुन्या वाद्यांचा प्रश्न याहून अवघड. आजोबांचा तंबोरा जवारीसाठी मिरजेला येतो आणि परत जातो. त्याचं बिल कुठलं असणार? विमा मात्र रकमेवर चालतो. अशा वाद्याचं मूल्यांकन प्रवासाआधी करून घ्यावं लागतं. वाद्याचं वय, लाकूड, नक्षी, आधीच्या दुरुस्त्या, सध्याची स्थिती, हे सगळं कारागिराकडून लेखी घ्यायचं, फोटो जोडायचे आणि ती रक्कम विमा कंपनीकडून आधीच मान्य करून घ्यायची. जुन्या चिरा असतील तर त्याही लिहायच्या. लोकांना वाटतं जुनी चीर लिहिली तर दावा कमकुवत होईल. माझा अनुभव उलटा आहे. जुनी चीर आधीच नोंदलेली असली की नवी कोणती, याबद्दल वाद राहत नाही.

काही नुकसान विम्यात कधीच येणार नाही, हेही स्वीकारायला हवं. मिरजेच्या पावसाळी हवेत जोडलेली तबली उत्तरेच्या कोरड्या उन्हाळ्यात गेली आणि सांधा उकलला, तर तो मालाच्या अंगचा गुण धरला जातो. १९६३च्या सागरी विमा कायद्यात, पॉलिसीत वेगळं लिहिलं नसेल तर, नेहमीची झीज, नेहमीची फूट, वस्तूचा मूळ स्वभाव आणि उंदीर-किडीमुळे झालेलं नुकसान विमा कंपनीच्या जबाबदारीबाहेर ठेवलं आहे. उशीर झाल्यामुळे झालेलं नुकसानही पॉलिसीत बसत नाही. मैफलीच्या दिवशी तंबोरा पोचला नाही, तर त्याचे पैसे कुणी देत नाही. यावर उपाय कारखान्यातच करावा लागतो. भोपळा पुरेसा मुरू द्यायचा, घाईची ऑर्डर असली तरी ओलं लाकूड वापरायचं नाही, आणि भर उन्हाळ्यात बंद ट्रकमधून पाठवायचं टाळायचं.

मानांकन मिळाल्यापासून मिरजेच्या नावाने मागणी दूरदूरून येते. ज्यांनी मिरज पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आमचं खोकं हीच मिरजेची पहिली ओळख असते. अजून गल्लीत प्रत्येक दुकान आपापल्या पद्धतीने बांधतं. कुणी चाचांसारखं, कुणी जुन्या रद्दीत गुंडाळून. लहान कारागिराला एकट्याने ओपन पॉलिसी परवडत नाही आणि विम्याचे कागद भरायला त्याच्याकडे माणूस नसतो. सगळ्या दुकानांनी मिळून एक सामायिक पॉलिसी घ्यावी, पॅकिंगची एक पद्धत ठरवून ती नव्या मुलांना जवारीइतक्याच गांभीर्याने शिकवावी, आणि दाव्यांचे कागद एका ठिकाणी सांभाळावेत, यासाठी मी गल्लीत दारोदार बोलते आहे. काहीजण तयार झाले आहेत. ज्या हातांनी महिनोन्महिने खपून तंबोरा घडवला, त्यांचं काम एका निसटलेल्या खोक्यामुळे मातीमोल होऊ नये, इतकी तजवीज आपल्याला करता येण्यासारखी आहे, आणि ती आपणच करायला हवी.